विश्वराज्याची हक्कसनद आणि मुळशीचा प्रश्न

साऱ्या जगाचे एकच शासन असावे आणि त्या शासनाने प्रत्येक माणसाला काही हक्कांची हमी द्यावी, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केवळ स्वप्नाळू विचारवंतांपुरती राहिली नव्हती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'छोडो भारत'चा ठराव संमत केला. या ठरावातील स्वातंत्र्याची मागणी सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याचीही मागणी होती, हे सहसा आठवले जात नाही. या संघराज्याने काय साधावे, हेही ठरावात नमूद होते. एका राष्ट्राकडून दुसऱ्याचे होणारे शोषण थांबावे, अल्पसंख्याकांना संरक्षण मिळावे, मागासलेल्या प्रदेशांची उन्नती व्हावी आणि जगातील साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी एकत्र यावी, अशी ती अपेक्षा होती.

यातील शेवटचे कलम वाचताना मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका खोऱ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या काळी मुंबईच्या गिरण्या आणि लोकलगाड्या ज्या विजेवर चालत होत्या, तिचा मोठा भाग सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पाण्यातून निर्माण होत होता. पुणे जिल्ह्यातील मुळशीचे धरण हा त्या व्यवस्थेचा एक प्रमुख घटक होता. तेथील साधनसंपत्ती 'सर्वांच्या हितासाठी' एकत्र करण्यात आली होती. ज्यांची ती होती त्यांनी मात्र तिला संमती दिली नव्हती. जागतिक शासनाच्या हक्कसनदेचा मसुदा कसा असावा, या चर्चेत मुळशीचे महत्त्व आहे ते यामुळेच.

मुळशीत काय घडले?

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचे, कोकणच्या बाजूला शेकडो मीटर खाली सोडून भिरा येथे वीज निर्माण करायची, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले होते. मुळशीच्या योजनेमुळे खोऱ्यातील पन्नासहून अधिक गावांना झळ बसणार होती. हा प्रदेश आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध. खाचरे पिढ्यान्‌पिढ्या राबून तयार केलेली. अशा जमिनी कायद्याने ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीने तेथे चाचणीचे चर खणले आणि असंतोषाला तोंड फुटले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. काम थांबले आणि कंपनीने सहा महिन्यांची तहकुबी मान्य केली. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'तून टाटांना आवाहन केले, की त्यांनी कायदेशीर हक्कावर विसंबून न राहता लोकांशी बोलून मार्ग काढावा. तसे घडले नाही. मुदत संपल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशा अनेकांनी या लढ्यात तुरुंगवास भोगला. पुढे लढ्याची ताकद ओसरत गेली. १९२४ मध्ये बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडून सशस्त्र प्रतिकाराचा प्रयत्न केला आणि दीर्घ शिक्षा पत्करली. धरण पूर्ण झाले व १९२७ मध्ये भिरा केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला. त्यावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. या अभ्यासातून पुढे आलेली एक बाब हक्कांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांकडे गेलेल्या होत्या. जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक हे अनेक ठिकाणी वेगवेगळे होते. सावकाराला जमिनीची किंमत मिळाली म्हणजे त्याचे काम झाले. कुळाला मात्र जमीनच हवी होती.

तेव्हाचा कायदा

मुळशीत जे घडले ते बेकायदा नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी खासगी जमीन घेता येत असे. खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. बाजारभावाने भरपाई आणि संपादन सक्तीचे असल्याबद्दल वर १५ टक्के रक्कम, हे मालकाचे देणे. भरपाई कमी वाटल्यास न्यायालयात जाता येई. संपादन नको, असे म्हणण्याला मात्र त्या कायद्यात जागा नव्हती. संपादनाविरुद्ध आक्षेप नोंदवून सुनावणी मागण्याचा हक्क देणारे कलम '५ अ' कायद्यात आले ते १९२३ च्या दुरुस्तीने. मुळशीच्या शेतकऱ्याला ते मिळाले नव्हते.

याचा अर्थ असा, की तेथे सार्वजनिक प्रयोजन होते, कायदा होता, भरपाईही होती. तरीही अन्याय झाल्याची भावना खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोणत्याही हक्कसनदेची खरी परीक्षा अशा प्रसंगी होते. उघड जुलूम निषिद्ध ठरवणे तुलनेने सोपे. सद्‌हेतूने आणि कायद्याच्या चौकटीत होणाऱ्या अन्यायाला कोणत्या शब्दांत अटकाव करायचा, हे कठीण.

विश्वराज्याचे आराखडे

जगासाठी हक्कांची सनद लिहिण्याचा आधुनिक काळातील एक गाजलेला प्रयत्न एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने केला. महायुद्ध सुरू होताच त्यांनी लंडनमध्ये या विषयावर सार्वजनिक चर्चा घडवून आणली आणि १९४० मध्ये त्यातून सिद्ध झालेला मसुदा 'सँकी जाहीरनामा' म्हणून ओळखला गेला. वेल्स यांनी गांधीजींचेही मत मागवले होते. सुरुवात हक्कांऐवजी कर्तव्यांच्या सनदेपासून करावी, असे गांधीजींनी कळवले. १९४७ मध्ये युनेस्कोला पाठवलेल्या उत्तरातही त्यांनी हाच विचार मांडला.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांच्या नेतृत्वाखालील समितीने १९४८ मध्ये जागतिक राज्यघटनेचा प्राथमिक मसुदा प्रसिद्ध केला. त्यात पृथ्वी, पाणी, हवा आणि ऊर्जा या चार गोष्टी साऱ्या मानवजातीची सामाईक मालमत्ता असल्याचे घोषित केले होते. त्यांवर कोणाचीही मालकी असली, तरी तिचा वापर सर्वांच्या हिताच्या अधीन राहील, असेही त्यात म्हटले होते. वसाहतवाद आणि मक्तेदारी यांविरुद्धचे हे धाडसी विधान होते. पण मुळशीच्या बांधावर उभे राहून ते वाचले, तर त्याचा अर्थ पालटतो. पाणी आणि ऊर्जा सर्वांची, हाच तर धरणाच्या बाजूचा युक्तिवाद होता. मुंबईचे लाखो लोक एका बाजूला आणि खोऱ्यातील काही हजार दुसऱ्या बाजूला, अशी तुलना मांडली की निकाल आधीच ठरतो.

जागतिक संविधान व संसद संघ या संस्थेने १९७७ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे 'पृथ्वी महासंघाचे संविधान' संमत केले. १९९१ मध्ये पोर्तुगालमधील अधिवेशनात त्यात सुधारणा झाल्या. त्यात नागरिकांच्या हक्कांचे एक प्रकरण आणि त्यानंतर जागतिक शासनासाठी मार्गदर्शक तत्त्वांचे दुसरे प्रकरण आहे. भारतीय वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. मालमत्तेच्या मनमानी जप्तीपासून संरक्षण आणि वाजवी भरपाईशिवाय होणाऱ्या सक्तीच्या संपादनापासून संरक्षण, अशी हमी या संविधानात आहे. मुळशीतही भरपाई देण्यात आली होती. म्हणजे हा मसुदा १९२१ मध्ये अमलात असता, तरी वाद भरपाई वाजवी आहे की नाही एवढ्यापुरताच उरला असता. संमतीचा प्रश्न तेथे उपस्थितच झाला नसता.

१९४८ चा जाहीरनामा

विश्वराज्य प्रत्यक्षात आले नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा दस्तऐवज म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे स्वीकारलेला मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा. ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधी मत एकही पडले नाही. मसुदा करणाऱ्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट होत्या. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळात काम केलेल्या आणि भारताच्या संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीच्याही सदस्य होत्या. पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्दप्रयोग बदलून तेथे 'सर्व मानव' असा निःसंदिग्ध शब्द यावा, हा त्यांचा आग्रह मान्य झाला. सनदेतील एका शब्दाने निम्मी मानवजात आत येते किंवा बाहेर राहते, याचे हे ठळक उदाहरण.

असाच एक निर्णायक शब्द सतराव्या कलमात आहे. प्रत्येकाला एकट्याने किंवा इतरांसह मालमत्ता धारण करण्याचा हक्क आहे आणि कोणाचीही मालमत्ता 'मनमानीपणे' हिरावली जाणार नाही, असे ते कलम सांगते. मनमानी म्हणजे काय, याची व्याख्या तेथे नाही. अधिसूचना काढून, पंचनामे करून, रक्कम न्यायालयात जमा करून घेतलेली जमीन मनमानीपणे घेतली असे म्हणता येईल का? कायद्याच्या पुस्तकातून पाहिले तर नाही. ज्याला विचारलेच गेले नाही त्याच्या दृष्टीने पाहिले तर होय. १९४८ चा मसुदा या दोन उत्तरांतून निवड करीत नाही.

या जाहीरनाम्याला मान्यता मिळण्याच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, दिल्लीत संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलत होते. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची मुभा देणारे कलम हा संविधानाचा आत्मा आणि हृदय असल्याचे त्यांनी त्या दिवशी सांगितले. तेच आजचे कलम ३२. पॅरिसच्या जाहीरनाम्यात ३० कलमे होती, परंतु ती मोडल्यास जागतिक पातळीवर कोठे जायचे, याचे उत्तर नव्हते. आंबेडकरांनी उपाययोजनेला हक्काइतकेच महत्त्व दिले, हा या दोन मसुद्यांतील मूलभूत फरक.

मालक कोण आणि कसणारा कोण?

मालमत्तेच्या हक्काकडे पाहण्याची आंबेडकरांची दृष्टीही येथे लक्षात घ्यावी लागते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, असे सुचवले होते. ज्याच्याकडे मालमत्ताच नाही त्याला मालमत्तेच्या हक्काचा उपयोग नाही, ही त्यामागची जाण होती. मुळशीच्या कुळाची स्थिती नेमकी तशीच होती. पुढे १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात झालेल्या सुधारणांनंतर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्यांना मालकी मिळू लागली. मुळशीच्या खोऱ्यात पाणी साठले त्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

भारतीय संविधानातील मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आला. जमीनदारी निर्मूलनाच्या आड तो येत होता, हे त्याचे एक कारण. कलम ३०० अ नुसार तो आता घटनात्मक, पण मूलभूत नसलेला हक्क आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या पोटात सात घटक असल्याचे सांगितले. सूचना मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि प्रक्रियेची रीतसर पूर्तता असे ते घटक होत. मुळशीच्या काळाशी तुलना करता ही प्रगती मोठी आहे. संमती मात्र या सातांत नाही.

करार आणि त्यांच्या मर्यादा

१९४८ च्या जाहीरनाम्याला बंधनकारक रूप देण्यासाठी १९६६ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार झाले. मालमत्तेच्या हक्कावर आणि भरपाईवर एकमत न झाल्याने तो हक्क दोन्ही करारांतून वगळला गेला. त्याऐवजी दोन्ही करारांच्या पहिल्या कलमात एक निराळे वाक्य आले. कोणत्याही जनसमूहाला त्याच्या उपजीविकेच्या साधनांपासून कधीही वंचित करता येणार नाही, असे ते बजावते. यात मालकीची अट नाही. मुळशीला सर्वांत जवळचा शब्द कोणता, तर हा. परंतु भारताने १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना याच कलमाविषयी निवेदन जोडले. त्यातील स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय वर्चस्वाखालील लोकांपुरता आहे, सार्वभौम राष्ट्रातील एखाद्या समूहाला तो लागू नाही, असे त्यात म्हटले आहे. खोऱ्यातील गावांनी या कलमाचा आधार घेणे त्यामुळे दुरापास्त झाले.

२००७ च्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय स्थलांतर करता येणार नाही, असे तत्त्व आले. २०१८ च्या शेतकऱ्यांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याने जमिनीवरील हक्क आणि मनमानी विस्थापनापासून संरक्षण मान्य केले. दोन्ही दस्तऐवज बंधनकारक नाहीत.

मणिबेलीची दाद

जागतिक पातळीवरील यंत्रणेचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सरदार सरोवर प्रकल्पात तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली हे बुडणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक. या प्रकल्पाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले होते. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पाहणी करवली. १९९२ मधील तिच्या अहवालाने पुनर्वसनावर कठोर ताशेरे ओढले. १९९३ मध्ये उरलेले कर्ज न घेण्याचा निर्णय भारताने जाहीर केला आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी पाहणी मंडळ स्थापन केले.

धरण त्यामुळे थांबले नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने प्रकल्पाला वाट मोकळी करून दिली. विस्थापन झाले एवढ्यानेच मूलभूत हक्कांचा भंग होत नाही, असे त्या निकालात म्हटले होते. पुढच्याच महिन्यात जागतिक धरण आयोगाने आपला अहवाल सादर केला. मेधा पाटकर या आयोगाच्या सदस्य होत्या. धरणाचा निर्णय घेताना ज्यांचे हक्क गुंतलेले आहेत आणि ज्यांच्यावर धोका लादला जातो, अशा सर्वांना वाटाघाटीत स्थान असावे, ही त्याची मुख्य शिफारस होती.

आजच्या कायद्यात मुळशी

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने १८९४ चा कायदा रद्द केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन त्यात आवश्यक ठरवले आहे. मुळशीचे शेतकरी ज्यासाठी तुरुंगात गेले, ती गोष्ट नव्वद वर्षांनी कायद्यात आली, असे म्हणता येईल. मात्र बारकाईने पाहिले तर संमतीच्या मोजणीत जमीनधारक आणि सरकारकडून जमीन मिळालेली कुटुंबे येतात. कूळ आणि शेतमजूर यांची गणना बाधितांमध्ये होते, त्यांना पुनर्वसनाचे लाभ मिळतात. पण त्यांचे मत संमतीत धरले जात नाही. सावकार हो म्हणेल आणि कसणाऱ्याला विचारले जाणार नाही, ही १९२१ ची फट अद्याप पूर्णपणे बुजलेली नाही.

मसुद्यात काय हवे?

या सर्व इतिहासावरून जागतिक हक्कसनदेच्या मसुद्याला काही कसोट्या लावता येतात. पहिली, सार्वजनिक प्रयोजन कोणते हे घोषित करण्याचा अधिकार ज्यांना लाभ होणार आहे त्यांच्याच हाती राहू नये. बाधितांची सुनावणी काम सुरू होण्यापूर्वी व्हावी. दुसरी, संमती मोजताना मालकीचा कागद एवढाच निकष नसावा. जमीन, पाणी वा जंगल यांवर ज्याचा चरितार्थ आहे त्यालाही मत असावे. तिसरी, भरपाई पैशापुरती नसावी. जमिनीच्या बदल्यात जमीन आणि निर्माण होणाऱ्या लाभात वाटा मिळावा. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ पासून कायदे करणाऱ्या महाराष्ट्राला या कसोटीचे मोल आणि तिच्या अंमलबजावणीतील अडचण, दोन्ही परिचित आहेत. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न धरण होऊन अनेक दशके लोटल्यावरही रेंगाळत राहिले. गांधीजींनी वेल्स यांना सुचवलेला कर्तव्याचा मुद्दाही येथेच येतो. जो वीज वापरतो त्याचे ज्याची जमीन गेली त्याच्याप्रती काही देणे लागते, ही गोष्ट सनदेत लिहिली गेली नाही तर ती कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि केवळ विश्वराज्यालाच लागू होणारी आहे. आज एखाद्या राज्याने दाद दिली नाही तर केंद्राकडे, केंद्राने दिली नाही तर न्यायालयाकडे आणि तेथेही निभाव लागला नाही तर जगाच्या वेशीवर प्रश्न मांडता येतो. मणिबेलीचे म्हणणे वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले ते जागतिक बँक भारत सरकारहून वेगळी होती म्हणून. जगाचे एकच शासन झाल्यास असे बाहेरचे दार उरत नाही. जो निर्णय घेतो त्याच्याकडेच दाद मागावी लागते. म्हणून अशा शासनाच्या सनदेत हक्कांची यादी कितीही लांब असली, तरी बाधिताला त्याच्या भाषेत, त्याच्या आवाक्यातील अंतरावर, निकाल लागेपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार असलेले स्वतंत्र न्यायपीठ नसेल, तर ती यादी अपुरी ठरेल.

मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सहा महिने काम थांबवले ते केवळ स्वतः त्या जागेवर बसून. कायद्याने त्यांना ती सोय दिलेली नव्हती. भावी काळात जगाची सनद कोणी लिहिलीच, तर पन्नास गावांना तेवढ्यासाठी उन्हात बसावे लागू नये, इतपत ती स्पष्ट असली पाहिजे.